पट्टा सुटला की नदी

माझ्याकडे घोडा शिकायला येणाऱ्या पोरांचे आईबाप पहिल्या आठवड्यात साधे प्रश्न विचारतात. बूट कुठले घ्यायचे, पडला तर काय, सकाळी दूध पाजून पाठवायचं का. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचं इंटरनेटवर वाचून झालेलं असतं, आणि मग तो प्रश्न येतोच. "मॅडम, घोड्याच्या नाकावरचा पट्टा लावायचा की नाही?"

लगामाच्या सामानातला हा दिसायला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. नाकाच्या हाडावरून फिरून जबड्याखाली एक बक्कल लागते, बस्स. आम्ही त्याला नाकपट्टा म्हणतो. तो काढून खुंटीला अडकवला तरी घोडा चालतो, वळतो, थांबतो. पण त्याच्यावरून शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. काहींचं म्हणणं, पट्टा नसला की घोडा तोंड वासतो, तोंडातली कडी चुकवतो आणि मनाचं करतो. काहींचं म्हणणं, पट्टा म्हणजे मुक्या जनावराचं तोंड दाबणं. मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि सांगते की बाबांनो, हा प्रश्न मी चौदाव्या वर्षी सोडवायला गेले होते, भरल्या मैदानात, लोकांसमोर, आणि कमरेपर्यंत भिजून परत आले. त्यामुळे या विषयावर बोलायचा माझा अधिकार तुमच्या इंटरनेटपेक्षा मोठा आहे.

माझे वडील टांगेवाले होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण काही लोकांना वाटतं की ते मी शेवटी, जरा आवाज खाली करून सांगावं. का म्हणून? सायखेड्याच्या शेतकरी घरातला हा धाकटा मुलगा. शेतीत जीव रमेना, घोड्यात रमला, म्हणून नाशकात आला आणि द्वारकेच्या स्टँडवर टांगा लावून उभा राहिला. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. उंचीने कमी, आवाज त्याहून कमी. स्टँडवर बाकीचे गिऱ्हाइकाला हाका मारून घसा बसवून घ्यायचे, नाना नुसते उभे असायचे. म्हातारी माणसं आणि बाळंतिणी मात्र शोधत नानांच्याच टांग्याकडे यायच्या, कारण त्यांचा टांगा खड्ड्यातून गेला तरी आदळत नसे. ते श्रेय नाना स्वतः कधी घेत नसत. "घोडी बघून पाय टाकती," एवढंच म्हणायचे.

घोडी तांबडी होती, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तिला नाव नव्हतं. नाना तिला "बाई" म्हणायचे. "चला बाई," "जरा सावकाश बाई," "बाई, पुढं शाळा सुटलीय, बघून." नवं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं की हा माणूस नक्की कुणाशी बोलतोय. आई तर चिडवायचीच. "मला एवढ्या वर्षांत कधी एवढ्या मानानं हाक मारली नाय," म्हणायची. नाना हसून मिशीला हात लावायचे आणि विषय तिथेच संपायचा.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. संध्याकाळी टांगा घरापाशी आला की बाकीचे टांगेवाले करायचे तसं नाना आधी दांड्या सोडत नसत. ते आधी घोडीच्या तोंडापाशी जायचे. नाकपट्ट्याची बक्कल सोडायचे, पट्टा ओढून काढून खांद्यावर टाकायचे. मग तळहात तिच्या नाकाडावरून वरून खाली एकदाच फिरवायचे, पट्ट्याखाली दबलेले केस सरळ करायचे, आणि म्हणायचे, "झालं, बाई." घोडी एक मोठा श्वास सोडायची, मान खाली टाकायची. त्यानंतर झापडं, दांड्या आणि बाकीचं सामान. पण तिचा दिवस संपायचा तो त्या बक्कलीवर.

मी एकदा विचारलं, "नाना, आधी नाकाचाच का?"

"आपण कामावरून घरात आलो की आधी काय काढतो?" नाना म्हणाले. "चप्पल. तसं."

मग ते मला उचलून तिच्या उघड्या पाठीवर बसवायचे आणि आम्ही नदीवर जायचो. मी तेव्हा सात वर्षांची. कडी घोडीच्या तोंडात असायची आणि लगाम माझ्या हातात, पण तो नुसता धरायला. नानांचा नियम होता. नदीच्या वाटेवर लगाम ओढायचा नाही. "दिवसभर तिनं आपलं ऐकलं. आता आपण तिचं ऐकायचं." त्यामुळे घोडी तिच्या मर्जीनं चालायची. रसाच्या गाड्यापाशी थांबून उसाची चिपाडं खायची, एखाद्या ओळखीच्या दारात उगाच डोकवायची, आणि गोदावरीत पोटापर्यंत जाऊन डोळे मिटून उभी राहायची. मी पाठीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. नाना काठावर विडी ओढत. गावातल्या कुठल्याही राणीचा असा थाट नसेल, असं मला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

मग रिक्षा आल्या. एक-दोन नाही, थव्यानं आल्या. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला द्वारकेच्या स्टँडवर टांगे मोजायला एका हाताची बोटं पुरायला लागली. नाना कुणाला दोष देत नसत. आजारी माणसाला रिक्षातून लवकर नेता येतं, असंही तेच म्हणायचे. एक दिवस त्यांनी अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली, दुसरी पाळी. टांगा एका हॉटेलवाल्यानं हिरवळीवर ठेवायला नेला. त्याच्या चाकांना सोनेरी रंग दिला आणि बसायच्या जागेत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. मी एकदा बघून आले, पुन्हा गेले नाही.

राहिली घोडी. टांग्याशिवाय टांग्याची घोडी ठेवायची कुठे आणि कशाला? सगळे म्हणाले, येवल्याच्या बाजाराला न्या. येवल्याला मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो. नानांनी एक मंगळवार ढकलला, तब्येतीचं कारण सांगून. दुसरा ढकलला, नाल बसवायची राहिलीय म्हणून. तिसऱ्या मंगळवारी काहीच कारण सांगितलं नाही, नुसते सकाळपासून खरारा करत बसले. घोडी इतकी चकचकीत झाली की माशी बसली तर घसरेल. मला त्या मंगळवारी पहिल्यांदा कळलं की बाजारात ही ज्याच्या हाती लागेल तो हिला "बाई" म्हणणार नाही.

त्याच दिवसांत गंगापूर रोडला एका निवृत्त फौजी साहेबांनी पोरांना घोडा शिकवायला मैदान सुरू केलं होतं. आयुष्यभर पलटणीतल्या घोड्यांवर बसलेला माणूस. पाठ अशी ताठ की खुर्चीत बसले तरी खुर्चीला टेकत नसत. त्यांना लहान पोरांसाठी एक शांत घोडी हवी होती. नाना भीत भीत त्यांच्याकडे गेले. साहेबांनी घोडीचे पाय बघितले, दात बघितले, आणि म्हणाले, "एक महिना ठेवा इथे. तयारी करा. महिन्यानंतरच्या रविवारी मी पालकांना बोलावणार आहे. त्यांच्यासमोर ही चालून दाखवेल. पास झाली तर कायमची इथे राहील, तुम्ही सकाळी येऊन तिचं बघा, तुमची मुलगीही शिकेल. नापास झाली तर, टांगेवाले, घेऊन जायची."

घेऊन जायची म्हणजे कुठे, ते आम्हाला माहीत होतं.

नाना दुपारच्या पाळीला जायचे, त्यामुळे सकाळ मोकळी. रोज पहाटे द्वारकेहून सायकलवर डबल सीट आम्ही गंगापूर रोडला जायचो. खोगिरात मी बसायची, कारण साहेबांच्या मते नानांची बैठक "टांग्याची" होती. घोडी चांगली चालायची, फक्त एक भानगड होती. साहेब नाकपट्टा आवळायचे, आणि असा आवळायचे की मधे पेन्सिल जाऊ नये. पलटणीत तसंच असतं म्हणायचे. घोडीला ती सवय नव्हती. टांग्यातही पट्टा होता, पण नानांनी तो असा बांधलेला असे की ती त्याच्या आत जांभई देऊ शकायची. आता ती दात खायची, मान झटकायची, दुडकीत पाठ ताठ करून धक्के द्यायची.

"टांग्याची घोडी," साहेब म्हणाले. "तोंड कडक झालंय हिचं. आणखी एक भोक आवळा."

नाना साहेबांना कधी उलट बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. "तोंड कडक नसतं साहेब. हात कडक असत्यात."

साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या मात्र साहेबांचे ते दोन शब्द जिव्हारी लागले. कडक तोंड! जी घोडी सुतळीनं चालवली तरी चालेल तिला! मला त्या वयात राग यायला वेळ लागत नसे, आणि जायला फार लागायचा. आजही फारसा फरक नाही, घरचे सांगतील.

आणि रोज सराव संपला की काय व्हायचं? नाना पट्ट्याची बक्कल सोडायचे, नाकाडावरून हात फिरवायचे, "झालं, बाई" म्हणायचे, आणि मी तिला मैदानामागच्या रस्त्याने नदीवर न्यायची. गोदावरी तिथून पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांत घोडी अशी चालायची की काय सांगू. मान सैल, कान पुढे, चाल पाण्यासारखी. मी नुसती नजर वळवली तरी वळायची. मी रोज मनाशी म्हणायची, बघा, पट्टा काढला की ही केवढी सुंदर चालते. सगळा दोष त्या पट्ट्याचा. साहेबांना हे एकदा दिसलं पाहिजे.

चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात अशी गोष्ट एकदा बसली की ती बाहेर काढायला देव आला पाहिजे. मी नानांना काही बोलले नाही. त्यांनी साहेबांचा मान राखला असता आणि मला गप्प बसवलं असतं.

रविवार आला. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, पालक आले होते, नवीन बूट घातलेली त्यांची पोरं होती. नाना धुतलेला पांढरा शर्ट आणि टोपी घालून खुर्च्यांच्या मागे कुंपणाला टेकून उभे. चार खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं आणि ते आपणहून बसणाऱ्यांपैकी नव्हते. मी ते बघितलं. तिथेच माझं ठरलं.

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी घोडीवर न बसता तिच्या तोंडापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, ही घोडी मी पट्ट्याशिवाय चालवून दाखवते." बक्कल सोडली. पट्टा ओढून काढला आणि खांबाला अडकवला. आणि सात वर्षं जे बघत आले होते ते माझ्या हातानं आपोआप केलं. तिच्या नाकाडावरून तळहात वरून खाली एकदा फिरवला.

मागून नानांचा आवाज आला, "पोरी, आगं थांब..." पण मी तोवर खोगिरात होते.

घोडीनं एक मोठा श्वास सोडला. मान खाली टाकली. आणि वळून, साहेबांच्या शेजारून, फाटकातून शांतपणे बाहेर पडली.

फाटकापर्यंत मला वाटलं की ती फेर धरतेय. फाटकाबाहेर गेल्यावर मला सगळं कळलं, एकदम. ती पट्ट्यावाचून सुंदर चालायची ते पट्टा नसायचा म्हणून नाही, तर ती नदीवर निघालेली असायची म्हणून! लगाम ओढला असता तर ती थांबली असती, ती कडक तोंडाची मुळीच नव्हती. पण नदीच्या वाटेवर लगाम ओढायचा नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. नानांनी त्या वाटेवर एकट्या घोडीला शिकवलं नव्हतं, मलाही शिकवलं होतं. माझे हात उचललेच गेले नाहीत.

रविवारची सकाळ, रस्त्यावर गर्दी. द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेला टेंपो कर्कश हॉर्न देत आला. ती थांबली, त्याला जाऊ दिलं आणि मग रस्ता ओलांडला. एका बाईनं फुटपाथवर मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या, त्यांच्याकडे तिनं नुसतं बघितलं. एक कुत्रं पायात भुंकत आलं, तिनं पाय जपून टाकला. आणि मी वरती, इस्त्रीच्या कपड्यात, लगाम हातात धरून, रडायच्या बेतात. येवला, येवला, येवला, एवढंच डोक्यात वाजत होतं. माझ्या शहाणपणापायी मी हिला मंगळवारच्या बाजारात उभी केली होती.

ती नदीत पोटापर्यंत गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. माझ्या बुटांत पाणी शिरलं.

काठावर हळूहळू सगळी वरात जमली. पुढे स्कूटरवर साहेब, मागे पालक, त्यांच्या मागे टाळ्या पिटणारी पोरं, कारण त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. सगळ्यात शेवटी नाना, धापा टाकत पळत आलेले, टोपी एका हातात आणि नाकपट्टा दुसऱ्या.

साहेब लाल झाले होते. "घोडी फेल," म्हणाले. "हुकूम पाळत नाही. लहान मुलांना मी हिच्यावर बसवू? आजच घेऊन जा."

नाना दम खात उभे राहिले. मला वाटलं आता हात जोडतील. त्यांनी हात जोडले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"साहेब, हुकूम पाळला तिनं," ते म्हणाले. "हुकूम पोरीनं चुकीचा दिला. पट्टा काढला आन् नाकावरनं हात फिरवला की सुट्टी. मी शिकवलंय तिला, रोज. सुट्टी झाली की तिनं नदीवर जायचं, हे ठरल्यालं हाय. तुमच्या पलटणीत सुट्टीचा बिगुल वाजल्यावर कुणी कवायत करत होतं का?"

पालकांपैकी कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पाण्यातल्या घोडीकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, जिथून ती तेवढ्या गर्दीतून एक पाऊल न चुकवता आली होती. मग नानांकडे बघितलं. मला वाटतं, नीट असं पहिल्यांदाच.

"आणि परत लावला तर?"

"लावून बघा की."

साहेबांनी खुणेनं मला सांगितलं. नाना पाण्यात आले, पट्टा माझ्या हातात दिला, आणि हळूच म्हणाले, "दोन बोटं जातील एवढा सैल. आवळू नको." रागाचा एक शब्द नाही. मी खाली उतरले, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बक्कल लावली, आत दोन बोटं घालून बघितली. घोडीनं डोळे उघडले. कान ताठ झाले. जरा कंटाळल्यासारखं बघितलं माझ्याकडे, सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलेल्या माणसासारखं. पण मान वर केली आणि पाय सरळ करून उभी राहिली. ड्यूटीवर.

मी ओल्या खोगिरात बसले. आलो त्याच रस्त्यानं ती परत गेली, फाटकातून आत, मैदानाच्या मधोमध. आणि मग तिनं जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चाल, दुडकी, डावा फेर, उजवा फेर, आडवी बल्ली ओलांडणं, आणि शेवटी एक सहा वर्षांचा मुलगा अंगावर चढताना खांबासारखं उभं राहणं. एकदाही मान झटकली नाही. एकदाही दात खाल्ले नाहीत. अंगावरून पाणी निथळत होतं आणि मैदानात तिच्या पायांचे ओले गोल उठले होते.

सगळं संपल्यावर साहेब घोडीपाशी आले, स्वतःची दोन बोटं पट्ट्याखाली घालून बघितली. ती सहज गेली. मग कुंपणापाशी गेले, एक रिकामी खुर्ची स्वतः उचलली आणि नानांसमोर ठेवली.

"बसा, उस्ताद," म्हणाले.

नाना लगेच बसले नाहीत. आधी घोडीपाशी आले, तिची सुट्टी करायला. नाना बसल्याशिवाय साहेबही बसेनात, म्हणून दोघंही उभे. पण ती खुर्ची तिथे होती, सगळ्यांसमोर होती, आणि माझा ऊर असा भरून आला होता की ओल्या कपड्यात मला थंडी वाजायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून मैदानावरच्या सगळ्या घोड्यांचे पट्टे दोन बोटं सैल झाले. साहेबांनी पट्टा काढला नाही, शेवटपर्यंत नाही, फौजी माणूस. पण आवळलाही नाही. आणि तास संपला की आधी नाकाची बक्कल, मग नाकाडावरून एक हात, मग बाकीचं, हा नानांचा रिवाज तिथला कायदा झाला. बंगल्यांतली पोरं दांडग्या घोड्यांच्या नाकावरून हात फिरवून "झालं, बाई" म्हणायला लागली. घोडा असला तरी "बाई". अजून म्हणतात. कुणी हसलं तर मी हसू देत नाही.

घोडी त्यानंतर बारा-तेरा वर्षं तिथे राहिली. गावातल्या किती पोरांनी तिच्यावर पहिली रपेट केली, कुणालाच ठाऊक नाही. साहेब थकले तेव्हा शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. टांगेवाल्याची मुलगी साहेबांची शिट्टी गळ्यात घालून शिकवते, हे नानांनी अंबडच्या गेटवर इतक्या लोकांना सांगितलं की ट्रकवाले मला ओळखायला लागले.

पुढे घोडीचे गुडघे दुखायला लागले. आम्ही तिला निवृत्त केलं, हार घातला, गूळ चारला. पट्टा खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुंटीपाशी जाऊन उभी, नाकानं पट्टा ढकलत. चंदी खाईना. डॉक्टरांनी तपासलं, काही आजार नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी नाना आले, तेही तेव्हा नोकरीतून मोकळे झालेले. तिच्याकडे बघितलं आणि आम्हालाच झापलं.

"कामच नाय दिलं तर सुट्टी कशी लागंल तिला?"

त्यांनी पट्टा काढून तिच्या नाकावर बांधला, नुसता पट्टा. खोगीर नाही, लगाम नाही, कडी नाही. ती आपणहून मैदानात गेली, नवशिक्यांच्या रांगेमागून एक फेरी मारली, तपासणीला आलेल्या मोठ्या बाईसाहेबांसारखी, आणि परत येऊन उभी राहिली. नानांनी बक्कल सोडली. "झालं, बाई." मग तिनं चंदी खाल्ली.

त्यानंतर रोज हेच. सकाळी पट्टा, एक फेरी. मग ऊन खात उभी राहायची ती पट्टा लावूनच, आणि संध्याकाळी बक्कल सुटायची. घरी एकदा आई म्हणाली, "घोडीला रिटायर होता येतं, मला कुणी करत नाय." त्या संध्याकाळी नानांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला, कप आईसमोर ठेवला आणि म्हणाले, "झालं, बाई." आई चहाचा घोट घेऊन म्हणाली, "साखर राहिली." पण कप रिकामा केला. पुढे रोज संध्याकाळचा चहा नानाच करायचे.

तर पालकांना मी सांगते, लावा पट्टा. दोन बोटं सैल लावा. आणि तो काढायचा कधी, कुणी आणि काय म्हणून, हे आधी ठरवा, कारण लावण्याबद्दल तुम्ही भांडता, पण घोडा लक्षात ठेवतो ते काढणं. कुणाला पटतं, कुणाला नाही. ज्याला पटत नाही त्याला मी नदी दाखवते.

घोडी गेली त्या संध्याकाळी मी मैदानावरच होते. नानांनी पट्टा काढला, हात फिरवला, "झालं, बाई" म्हणाले आणि चंदी आणायला वळले. परत येईपर्यंत ती आडवी झाली होती. मी धावत गेले, पोरं रडायला लागली. नाना तिच्या डोक्याशी बसले, पट्टा अजून त्यांच्या खांद्यावर होता. त्यांनी तिचे नाकावरचे केस सरळ केले आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"रडू नको पोरी," म्हणाले. "ड्यूटी पुरी करून गेली. मी सोडल्यावर गेली."